बंब अंगणात होता तेव्हा

इतिहासाच्या पुस्तकात आमच्या रोहिणखेडचं नाव दोन लढायांमुळे येतं. बुलडाणा जिल्ह्यातलं, घाटाच्या अगदी पायथ्याशी वसलेलं हे गाव. खानदेशातून वर चढणाऱ्या आणि वरून खाली उतरणाऱ्या फौजांच्या वाटेवर ते पडायचं. १४३७ साली बहामनी सुलतानाचा सरदार मलिक-उत-तुज्जार खलफ हसन याने खानदेशच्या नासिरखान फारुकीचा इथे पराभव केला. पुढे १५९० साली अहमदनगरच्या गादीवर हक्क सांगणारा बुऱ्हाण निजामशहा खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन आला आणि जमालखानाचा त्याने इथेच मोड केला. या दुसऱ्या लढाईच्या आठ वर्षं आधी, १५८२ साली, खुदावंदखानाने गावात मशीद बांधली. एवढं सगळं नोंदलेलं आहे. सरदारांची नावं आहेत, साल आहे, कोण जिंकलं तेही आहे.

पण त्या फौजांसाठी भाकरी कशावर भाजल्या, गावातल्या बायांनी चुलीत काय घातलं, सकाळी अंघोळीचं पाणी कशात तापलं, याची नोंद कुणी केली नाही. चुलीचा इतिहास लिहायची आपल्याकडे पद्धत नाही. आज मला त्याच इतिहासाबद्दल बोलायचं आहे. विषय ऐकायला क्षुल्लक वाटेल: भाड्याच्या घरातली गॅसची शेगडी आणि न्हाणीघरातला गॅस गिझर. पण दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन-चार ओळींची एखादी बातमी येते, न्हाणीघराचा दरवाजा तोडावा लागला अशी. त्या बातमीमागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजला तर ती बातमी टाळता येते.

आमच्या वऱ्हाडात जळण शेतातूनच यायचं. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटायच्या, तूर झाली की तुऱ्हाट्या, आणि वर्षभर भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या. स्वयंपाक घरात चुलीवर. पण अंघोळीच्या पाण्याचा मान वेगळा होता. तांब्याचा बंब बहुतेक घरांत अंगणात, परसात किंवा ओसरीच्या कडेला उघड्यावर असे. मधोमध धुराचं नळकांडं, त्याच्याभोवती पाणी, खाली जाळ. त्यात ओलं-सुकं काहीही घातलं तरी चालायचं, कारण धूर आभाळात जायचा. बंब घरात ठेवावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. तशी कुणाला रसायनशास्त्राची जाण होती असं नाही. डोळ्यांत पाणी यायचं, खोकला यायचा, एवढं कारण पुरेसं होतं. धूर त्रास द्यायचा आणि त्या त्रासातच इशारा असायचा.

चुलीचं मी कौतुक करत नाही. त्या धुराने आमच्या आया-आज्यांची फुप्फुसं आणि डोळे गेले, हे खरं आहे. गॅस आला हे चांगलंच झालं. माझं म्हणणं एवढंच, की चूल आणि बंब गेल्यावर धुराबरोबर त्याचा इशाराही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा इशारा ठेवायची जबाबदारी कुणाची, हे ठरवायचं राहून गेलं.

चूल आणि गॅस यांच्या मधल्या काळात घासलेटचा स्टो आला. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेला पंपाचा प्रायमस स्टो आपल्या गावोगावी पोचला. शहरात एका खोलीत बिऱ्हाड करणाऱ्या भाडेकरूला तो वरदानच वाटला. भिंती काळ्या होत नाहीत, म्हणून घरमालकही खूश. पण पिन न मारलेला, वॉशर सुकलेला स्टो भडकायचा. आणि १९७० - ८० च्या दशकांत ‘स्टोचा भडका उडाला’ हे वाक्य सुनेच्या मृत्यूवर पांघरूण घालायला कसं वापरलं गेलं, हे त्या पिढीला सांगायला नको. त्यातून १९८३ आणि १९८६ साली कायद्यात नवी कलमं घालावी लागली. ‘अपघात’ हा शब्द फार सोयीचा असतो. तो उच्चारला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. गॅसच्या बाबतीतही आपण हा शब्द असाच वापरतो.

आता गॅसकडे येऊ. मुंबईत गॅस आला तो स्वयंपाकासाठी नव्हे, दिव्यांसाठी. ऑक्टोबर १८६५ मध्ये एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजार या भागांत रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. तो दगडी कोळशापासून काढलेला गॅस, जमिनीखालच्या नळांतून येणारा. आपण आज ज्याला गॅस म्हणतो तो, म्हणजे टाकीतला एलपीजी, त्यानंतर नव्वद वर्षांनी आला. माहुलला बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५५ साली सुरू झाला आणि त्याच सुमारास मुंबईत ‘बर्शेन’ हा शब्द घरोघरी गेला. पुढे एस्सोचं १९७४ साली हिंदुस्थान पेट्रोलियम झालं, १९७६ साली बर्मा-शेल सरकारने घेतली आणि तिचं भारत पेट्रोलियम झालं. नावं बदलली, टाकी तीच राहिली.

त्या काळात गॅस मिळणं हा योग असायचा. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. खासदारांना गॅस जोडण्यांचा कोटा असे आणि त्याच्या कुपनासाठी लोक ओळखी काढत. १९७४ साली मुंबईजवळ समुद्रात बॉम्बे हायचं तेल सापडलं, त्याचा वायू उरणला आणून त्यातून एलपीजी काढू लागले, तसा पुरवठा वाढत गेला. तरीही ‘आमच्याकडे गॅस आहे’ हे वाक्य बरीच वर्षं थोड्या अभिमानाने बोललं जायचं. गॅसचं पुस्तक रेशनकार्डाबरोबर कपाटात कुलपात असायचं.

या वाट बघण्यातच आपल्या आजच्या अडचणीचं मूळ आहे. आपल्याकडे गॅस घराला मिळाला नाही, माणसाला मिळाला. वीज घराला येते. मीटर भिंतीवर असतं. भाडेकरू बदलले तरी ते तिथेच राहतं. नळाचं पाणी घराला येतं. गॅस मात्र एका व्यक्तीच्या नावावर, तिच्या ग्राहक क्रमांकावर आला. बदली झाली की टाकी-रेग्युलेटर परत करून कागद घेऊन दुसऱ्या गावी जायचं. माणूस जाईल तिथे गॅस जाईल, अशी ती व्यवस्था होती. टंचाईच्या दिवसांत ती रास्तही होती. पण तिचा एक परिणाम असा झाला, की भाड्याच्या घरात गॅसचे तीन तुकडे पडले. टाकी एकाची, शेगडी आणि गिझर दुसऱ्याचे, भिंत आणि खिडकी तिसऱ्याची. आणि धोका तर या तिन्हींच्या सांध्यातच असतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. २००४ च्या डिसेंबरात मी पुण्याला पुतण्याकडे उतरलो होतो. आमच्याकडची पोरं शिकायला, नोकरीला जातात. मलकापूरला गाडीत बसायचं आणि मुंबई-पुण्याकडे जायचं. चार पोरांनी मिळून दोन खोल्या घेतल्या होत्या. न्हाणीघर चार फूट बाय पाच फुटांचं. भिंतीवर घरमालकाने बसवलेला गॅस गिझर. वर काचेच्या पट्ट्यांची लहानशी खिडकी होती, पण थंडी येते आणि कबुतरं बसतात म्हणून पोरांनी तिला आतून पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारलेली. माझा नंबर चौथा. पाणी छान कढत होतं. दहा मिनिटांत डोकं जड झालं. मला वाटलं प्रवासाचा शीण. टॉवेल घ्यायला वळलो आणि गुडघ्यांतलं बळ गेलं. कडी हाताला लागली म्हणून आज हे बोलतो आहे. बाहेर गॅलरीत पंधरा मिनिटं बसलो तेव्हा बरं वाटलं.

पोरं म्हणाली, ‘काका, आम्हालाही कधीकधी मळमळतं, रिकाम्या पोटी अंघोळ करतो ना, म्हणून.’ त्यांनी त्याचं कारणसुद्धा शोधून ठेवलं होतं. संध्याकाळी घरमालकांना भेटलो. गृहस्थ सज्जन होते, चहा दिला. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. ‘गिझर मी दिला तो सोय म्हणून. टाकी तुमची, वापर तुमचा. आणि इतकी पोरं राहून गेली, आजवर कुणाला काही झालं नाही.’ टाकी तरी पोरांची होती का? ती कुण्या मित्राच्या मामाच्या नावावर होती. म्हणजे सांध्यावरचा माणूस कुणीच नव्हता.

त्या न्हाणीघरात काय घडत होतं, त्याचा हिशोब सोपा आहे. चार बाय पाच बाय आठ फूट म्हणजे १६० घनफूट, म्हणजे सुमारे साडेचार घनमीटर हवा. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो. म्हणजे दर पाच मिनिटांना एक घनमीटर हवा त्याने वापरली. खिडकी बंद, दार बंद, चौघं एकामागून एक. बाहेरची हवा आत आलीच नाही तर वीस-बावीस मिनिटांत त्या खोलीतली सगळी हवा ज्योतीने खाल्ली असा हिशोब निघतो. प्रत्यक्षात ती तिथवर पोचतच नाही. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

हा वायू विचित्र आहे. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवतं. त्यामुळे श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग हातापायांतली शक्ती जाते. बुद्धी सांगते बाहेर पड, पण पाय उचलत नाहीत. म्हणून ही माणसं बहुधा दाराजवळ सापडतात. मार्च २०२३ मध्ये, होळीच्या दिवसांत, मुंबईत घाटकोपरला एक दांपत्य न्हाणीघरात मृत सापडलं. गॅस गिझरमुळे गुदमरल्याचा प्राथमिक संशय तेव्हा व्यक्त झाला आणि काही दिवस सगळीकडे त्याचीच चर्चा होती. मग उन्हाळा लागला आणि आपण विसरलो.

इथे अनेकांचा एक गैरसमज असतो. ‘गॅसला वास येतो की, कळेलच.’ तो वास गॅसचा नसतो, मुद्दाम घातलेला असतो. त्याचाही इतिहास आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन या गावच्या शाळेत तळघरात गॅस साठला. त्याला वास नव्हता, कुणाला कळलं नाही, आणि एका ठिणगीने शाळा उडाली. तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसमध्ये दुर्गंधी मिसळण्याची सक्ती झाली. आपल्या टाकीत मरकॅप्टन नावाचं कुबट द्रव्य असतं ते त्या मुलांच्या मरणातून आलेलं आहे. पण हा वास न जळलेल्या गॅसचा इशारा आहे. नळी गळली, बटण चालू राहिलं, तर तो येतो. गॅस जळून गेल्यावर तो वासही जळून जातो. म्हणजे गिझरच्या धोक्याला इशाराच नाही. बंबाला धूर होता, टाकीला वास आहे, गिझरला काहीच नाही. आणि नेमका तोच आपण अंगणातून उचलून बंद दाराआड नेला.

मग कायदा काय म्हणतो? आपल्याकडे घरभाड्याचे कायदे जुने आहेत. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली, मुंबईत भाडं गोठवणारा पहिला कायदा आला. स्वातंत्र्याच्या आसपास महाराष्ट्राच्या तीन तुकड्यांत तीन कायदे होते. मुंबई इलाख्यात १९४७ चा, आमच्या विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा. ते तिन्ही रद्द होऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या सगळ्या कायद्यांचं भांडण मुख्यतः दोन गोष्टींवर आहे: भाडं किती आणि घर खाली कधी. घरात राहणारा माणूस सकाळी अंघोळीला जाऊन जिवंत बाहेर येईल का, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

तरी काही धागे आहेत. १९९९ च्या कायद्याचं कलम १४ सांगतं की घर दुरुस्त स्थितीत ठेवणं हे मालकाचं काम. त्याने ते केलं नाही, तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाला तो त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावा. कलम २९ सांगतं की मालकाने अत्यावश्यक सेवा तोडू नयेत, आणि उदाहरणं देतं: पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई. त्या यादीत गॅसचं नाव नाही. नसणारच, कारण गॅस घराचा नव्हता, माणसाचा होता. हा कायदा जिथे लागू नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहेच. मालकाला ठाऊक असलेला आणि भाडेकरूला सहज न दिसणारा मोठा दोष मालकाने आधी सांगितला पाहिजे, असं तो दीडशे वर्षांपूर्वीच्या भाषेत सांगतो. आणि शहरात अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणारी आमची पोरं तर कायद्याच्या भाषेत भाडेकरूही नव्हेत, परवानगीने राहणारी. त्यांचा मुख्य आधार म्हणजे करारात लिहिलेल्या ओळी.

२०२१ साली केंद्राने आदर्श घरभाडे कायद्याचा मसुदा मंजूर केला. राज्यांनी स्वीकारला तरच तो त्या राज्यात लागू होतो. त्यात कोणती दुरुस्ती कुणाची याची यादी आहे. भिंतींची डागडुजी, रंग, पाण्याचे पाइप, विजेचं वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, दारांच्या मुठी, स्वयंपाकघरातल्या जोडण्या भाडेकरूकडे. आणि भाडेकरूच्याच यादीत आहे ‘गिझरची दुरुस्ती’. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा पाणी गरम न होणारा गिझर असावा. पण गिझरचा जीवघेणा दोष बहुतेक वेळा गिझरमध्ये नसतोच. तो कुठे बसवला, त्याचा धूर बाहेर नेणारी नळी आहे का, खिडकी किती मोठी, यात असतो. आणि भिंतीला भोक पाडायचा अधिकार भाडेकरूला नाही.

इतर देशांनी याचं काय केलं? इंग्लंडमध्ये १६ मे १९६८ च्या पहाटे लंडनच्या रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर एका भाडेकरू बाईंनी चहासाठी काडी ओढली. शेगडीला गॅस जोडणारी पितळी चाकी सदोष होती, रात्रभर गॅस गळला होता. इमारतीचा एक अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चौघांचा जीव गेला. इमारत नगरपालिकेची, लोकांना राहायला देऊन जेमतेम दोन महिने झालेले. तिथेही प्रश्न हाच होता, की चाकी कुणाची, भिंत कुणाची. पुढच्या तीस वर्षांत त्यांचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि १९९८ च्या नियमांत उत्तर स्वच्छ लिहिलेलं आहे. भाड्याने देताना जी गॅसची उपकरणं मालकाने दिली, ती आणि त्यांची धुराची नळी दर बारा महिन्यांनी नोंदणीकृत कारागिराकडून तपासून घेणं हे मालकाचं काम. तपासणीचा कागद भाडेकरूला २८ दिवसांत द्यायचा, आणि नवा भाडेकरू असेल तर तो राहायला येण्याआधी. भाडेकरूने स्वतः आणलेली शेगडी त्याची. एवढी एक रेघ ओढली आणि सांध्याला धनी मिळाला.

आपल्याकडे माणूस गेल्यावर कायदा जागा होतो. हयगयीने मृत्यू घडवल्याचं जुनं कलम ३०४अ आता भारतीय न्याय संहितेत १०६ झालं आहे. पण मरणाआधी एकदा येऊन नळी बघून जाईल असा माणूस त्यात नाही. गॅस कंपन्यांची ठरावीक वर्षांनी तपासणी असते, पण ती ग्राहकाची असते. टाकी मामाच्या नावावर असेल तर तपासणीस मामाच्या घरी जातो. तेल कंपन्यांचा अपघात विमाही असतो, पण मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई नोंदवलेल्या पत्त्यावरच्या जागेसाठी असते. आपण भलत्याच पत्त्यावर राहत असू तर तिथेही गाडी अडते.

म्हणून माझं सांगणं फार मोठं नाही. पहिलं, गॅसची जोडणी स्वतःच्या नावावर आणि राहत्या पत्त्यावर करून घ्या. दुसरं, घर घेताना करारात एक परिच्छेद घाला: शेगडी, नळी, रेग्युलेटर, गिझर यांपैकी काय कुणाचं, कोण तपासणार, किती दिवसांनी. १९९९ च्या कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मग त्या कागदावर चार ओळी जास्त लिहायला कुणाचं काय जातं? तिसरं, दोष दिसला तर तोंडी सांगू नका. तारीख घालून चिठ्ठी लिहा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. तोंडी तक्रार चहात विरघळते.

आणि घरातली परीक्षा आपल्या आजीला येत होती तीच आहे. ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी झाली, भांड्यांची बुडं काळी होऊ लागली, तर गॅस अर्धवट जळतो आहे. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख असते, ती पाच वर्षांनी बदला. सांधा गळतो का ते साबणाच्या पाण्याने बघा, काडी पेटवून नव्हे. वास आलाच तर विजेच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा आणि दारं उघडा. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साठतो. मदतीला १९०६ हा क्रमांक आहे. गिझर मात्र न्हाणीघरात नकोच. तो बाहेर, गॅलरीत किंवा उघड्या जागेत, आणि आत फक्त पाण्याचा नळ.

त्या वेळी पुण्यात आम्ही हेच केलं. पुठ्ठा त्याच संध्याकाळी काढला. पुतण्याने एका कागदावर सहा ओळी लिहून घरमालकांना दिल्या. आठवडाभर काही झालं नाही. मग एक दिवस ते स्वतः न्हाणीघरात उभे राहिले, दार लावून गिझर चालू केला, आणि पाच-सात मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, ‘प्लंबरला बोलावतो.’ गिझर गॅलरीत गेला. खर्च निम्मा-निम्मा झाला. कायद्याने बहुधा तो पूर्ण त्यांचा होता, पण पोरं खूश होती आणि मीही वाद घातला नाही.

गावी आलो तेव्हा परसात जुना बंब उलटा करून ठेवलेला दिसला. आतल्या नळकांड्यात चिमण्यांनी घरटं केलं होतं. आजोबांनी तो उघड्यावर ठेवला तेव्हा कुठलाही कायदा त्यांना तसं सांगायला आला नव्हता. धूरच सांगत होता. आता धूर नाही, तेव्हा ते काम कुणीतरी कागदावर करायला हवं. निदान घर भाड्याने देताना आणि घेताना तरी.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)